इन्सुलिन : किती सोडायचे, कधी मोडायचे

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न इन्सुलिनभोवती फिरणारे आहेत. अपवाद एकाच प्रश्नाचा. इन्सुलिन 'कमी पडते' किंवा 'जास्त झाले' असे आपण सहज म्हणतो, पण रक्तातली पातळी ठरते ती दोन नळांवर: एक टाकी भरणारा आणि एक रिकामी करणारा. दुसऱ्या नळाकडे सहसा कोणी पाहत नाही. म्हणून उत्तरांत त्याला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : जेवल्यावर काही मिनिटांतच रक्तातले इन्सुलिन वाढते असे वाचले. प्रथिन बनवायला वेळ लागतो, मग पेशी इतक्या झटपट ते बनवते कशी? (जीवशास्त्राच्या शिक्षिका, सातारा)

त्या मिनिटांत ती ते बनवतच नसते. माल आधीच बांधून तयार असतो, फक्त शटर वर जाते. स्वादुपिंडातल्या एका बीटा पेशीत इन्सुलिनने भरलेल्या सुमारे दहा हजार पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, असतात. एकेकीचा व्यास मिलिमीटरच्या साधारण तीन हजाराव्या भागाएवढा. यातल्या शेकडा एखाद-दोनच पेशीपटलाला टेकून सुटायच्या तयारीत बसलेल्या असतात, बाकीच्या मागे गोदामात.

हा माल बनतो कसा ते वर्गात सांगण्याजोगे आहे. रायबोझोमवर आधी ११० अमिनो आम्लांची साखळी विणली जाते. तिची पहिली २४ आम्ले म्हणजे नुसता पत्ता: 'मला आंतर्द्रव्यजालिकेत न्या.' (ही पेशीतली प्रथिनांची कार्यशाळा.) आत शिरता शिरता तो पत्ता कापून टाकला जातो. प्रथिनावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९चे नोबेल मिळाले. उरलेली ८६ आम्लांची साखळी म्हणजे प्रोइन्सुलिन. जालिकेत तिची घडी बसते आणि गंधकाचे तीन दुवे जोडले जातात. मग गॉल्जी या पेशीतल्या बांधणीखात्यातून ती पुटिकेत भरली जाते आणि पुटिकेत कात्र्या चालतात. पीसी-१/३ आणि पीसी-२ ही दोन विकरे (एन्झाइम) साखळी दोन ठिकाणी तोडतात, तिसरे विकर टोकाला उरलेली आम्ले खुडते. मधला ३१ आम्लांचा तुकडा सुटा होतो, तो सी-पेप्टाइड. चार आम्ले चुऱ्यात जातात. राहते ५१ आम्लांचे इन्सुलिन: २१ची ए साखळी आणि ३०ची बी साखळी. एकाच साखळीतून दोन साखळ्या निघतात हे डोनाल्ड स्टाइनर यांनी १९६७ साली दाखवले. तोवर दोन साखळ्या वेगवेगळ्या बनून एकमेकींना शोधतात असा समज होता.

या सगळ्याला एक-दोन तास जातात. म्हणून साठा लागतो आणि साठ्याला जागा कमी लागावी म्हणून जस्त लागते. झेडएनटी-८ नावाचा पंप पुटिकेत जस्त ओढतो, इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती गोळा होतात आणि पुटिकेच्या आम्लधर्मी वातावरणात, म्हणजे साधारण ५.५ सामूला (पीएच), त्यांचे चक्क स्फटिक बनतात. बाहेर रक्ताचा सामू ७.४. तिथे पडताच स्फटिक विरघळतो आणि सहांची टोळी फुटून एकेक रेणू कामाला लागतो.

आता शटर कोण उघडतो? बीटा पेशीत ग्लुकोज मोजणारा कोणी खास ग्राही (रिसेप्टर) नाही. पेशी ग्लुकोज जाळते आणि किती जळले यावरून अंदाज घेते. या हिशेबाचा मापाडी ग्लुकोकायनेज हे विकर. ते अर्ध्या वेगाने चालते रक्तातली साखर १४०-१५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या आसपास असताना. म्हणजे साखर खरोखर वर-खाली होते त्याच पट्ट्यात त्याचा काटा हलतो. ग्लुकोज जळले की एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन वाढते. एटीपीने पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, पटलावरचा विद्युतभार घसरतो, कॅल्शियमची दारे उघडतात आणि आत आलेले कॅल्शियम टेकलेल्या पुटिकांना पटलात विलीन करते. साखर साधारण ९० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेली की हा क्रम जोर धरतो. पहिल्या दहाएक मिनिटांचा लोंढा टेकून बसलेल्या पुटिकांचा असतो. त्यानंतरचा संथ, लांबणारा स्राव गोदामातून पुढे आणलेल्या पुटिकांमुळे होतो. टाइप २ मधुमेहात आधी ढासळतो तो पहिला लोंढा. म्हणून उपाशीपोटीची साखर ठीक असतानाच जेवणानंतरची चढलेली सापडू शकते.

मापाडीच्या काट्यातच जन्मजात फरक असेल तर? ग्लुकोकायनेजच्या जनुकातल्या काही बदलांत काटा थोडा वर सरकलेला असतो. अशा माणसाची उपाशीपोटीची साखर आयुष्यभर १००-१४५च्या दरम्यान स्थिर राहते. बहुधा औषध लागत नाही, तरी अनेकांना वर्षानुवर्षे गोळ्या चालू असतात.

प्रश्न : एका डॉक्टरांनी 'फास्टिंग इन्सुलिन' सांगितले, दुसऱ्यांनी सी-पेप्टाइड. दोन्ही एकच का? शिवाय लॅबमधून 'नमुना हिमोलाइझ झाला, पुन्हा या' असा फोन आला. (वाचक, नाशिक)

दोन्ही एका कारखान्यातून एकास एक प्रमाणात निघतात, पण पुढचा प्रवास वेगळा. स्वादुपिंडाचे रक्त आधी यकृतात जाते आणि पहिल्याच फेरीत यकृत निम्म्याच्या आसपास इन्सुलिन टिपून घेते. सी-पेप्टाइडला ते जवळपास हात लावत नाही. ते पेप्टाइड पुढे मूत्रपिंडात मोडते. रक्तात इन्सुलिनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, ४ ते ६ मिनिटे, सी-पेप्टाइडचे अर्ध्या तासाच्या आसपास. त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्तात सी-पेप्टाइडचे रेणू इन्सुलिनच्या पाच-दहा पट सापडतात. कारखाना किती चालतो हे पाहायचे असेल तर सी-पेप्टाइड बरे. बाहेरून इन्सुलिन टोचणाऱ्याच्या बाबतीत तर तोच मार्ग, कारण बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते.

हिमोलिसिसचा, म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्याचा, फोन लॅबची टाळाटाळ समजू नका. तांबड्या पेशींच्या आत इन्सुलिन मोडणारे विकर भरलेले असते. बारीक सुई, घाईने ओढलेली सिरिंज, नळी जोरात हलवणे, यांनी पेशी फुटल्या की ते विकर नळीत उतरते आणि यंत्रात जाईपर्यंत इन्सुलिन खात राहते. अहवाल खोटा कमी येतो. सी-पेप्टाइडला या विकराचा तसा धोका नाही, पण तेही लवकर वेगळे करून थंडच ठेवलेले बरे.

आणखी काही गोष्टी आकडा बिघडवतात. केसांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असते आणि बऱ्याच यंत्रांची पद्धत बायोटिनवरच चालते. अशा चाचणीत इन्सुलिन, सी-पेप्टाइड दोन्ही खोटे कमी दिसू शकतात. गोळी दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा. मूत्रपिंड मंदावले असेल तर सी-पेप्टाइड साचून खोटे जास्त दिसते. साखर फार काळ चढलेली राहिली असेल तर बीटा पेशी दमतात आणि सी-पेप्टाइड तात्पुरते कमी येते. ती आटोक्यात आणून काही आठवड्यांनी तपासावे. आणि सोबत त्याच वेळची साखर मोजली नसेल तर सी-पेप्टाइडचा आकडा वाचताच येत नाही. साखर ६० असताना सी-पेप्टाइड कमी असणे ही तब्येतीची खूण, ती २५० असताना तेवढेच कमी असणे ही काळजीची.

सर्वसाधारण खुणा: न-उपाशी नमुन्यात ०.६ नॅनोग्रॅम/मिलीच्या खाली असेल तर इन्सुलिनची तीव्र कमतरता, १.८च्या वर असेल तर स्वतःचे इन्सुलिन पुरेसे बनते आहे आणि कल टाइप २कडे. मधल्या पट्ट्यात एका आकड्यावरून निवाडा करू नये.

'फास्टिंग इन्सुलिन' काहीच कामाचे नाही असे मात्र नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००२ साली पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तुलनेसाठी घेतले. आपली बाळे वजनाला लहान, पण त्यांच्यात इन्सुलिन जास्त. मोठ्या गटांची तुलना करताना ही चाचणी बोलकी ठरते. एकट्या माणसाच्या एका सकाळच्या आकड्यावर इमारत उभी करू नये, इतकेच. इन्सुलिन दर पाचेक मिनिटांनी लाटांत सुटते. सुई लाटेच्या माथ्यावर टोचली की पायथ्याशी, यानेही फरक पडतो.

प्रश्न : काम झाल्यावर इन्सुलिनचे काय होते? ते मोडणारे विकर औषधाने बंद केले तर मधुमेह बरा होणार नाही का? (वाचक, कोल्हापूर)

दुसऱ्या भागाची कल्पना जुनी आहे आणि आकर्षकही. आधी पहिला भाग.

इन्सुलिन यकृताच्या पेशीवरच्या ग्राहीला चिकटते, निरोप पोचतो आणि ग्राही व इन्सुलिन दोघेही पटलाच्या खोबणीतून आत ओढले जातात. आत तयार झालेल्या पिशवीत आम्लता वाढू लागते, तसा इन्सुलिनचा हात सुटतो. ग्राही बहुधा परत पटलावर जातो आणि इन्सुलिन मोडीत निघते. म्हणजे निरोप देणे आणि निरोप्याला संपवणे ही एकाच दाराने होणारी कामे आहेत. यकृतात या ओढून घेण्याला सीकॅम-१ नावाचे प्रथिन हातभार लावते. सतत इन्सुलिनचा मारा झाला तर ग्राही परत येण्याऐवजी स्वतःच मोडीत जातात, पटलावर कमी उरतात आणि पेशी आणखी बधिर होते. यकृतात चरबी साठली की इन्सुलिन टिपून घेण्याचे कामही मंदावते. त्यामुळे स्थूल माणसाच्या रक्तात जास्त इन्सुलिन दिसते त्यामागे जादा स्राव असतो तसा कमी निचराही असतो.

मोडणारे मुख्य विकर म्हणजे आयडीई (इन्सुलिन-डिग्रेडिंग एन्झाइम). १९४९ साली मिर्स्की आणि ब्रो-कान यांनी यकृताच्या अर्कात ते पकडले आणि 'इन्सुलिनेज' म्हटले. त्याचा आकार बिजागरीच्या डबीसारखा आहे. डबीत मावेल एवढेच पेप्टाइड आत शिरते, झाकण मिटते, तुकडे पडतात. आता अडचण पाहा. त्या डबीत इन्सुलिन मावते, तसे ग्लुकॅगॉन मावते, अमायलिन हे आणखी एक संप्रेरक मावते आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड बीटाही मावते. ग्लुकॅगॉनचे काम इन्सुलिनच्या नेमके उलट, साखर वाढवण्याचे. २०१४ साली आयडीई रोखणारा एक रेणू उंदरांना दिला गेला. तोंडाने ग्लुकोज पाजल्यावर साखर छान आटोक्यात राहिली. तेच ग्लुकोज पोटाच्या पोकळीत टोचून दिले तर साखर उलट जास्त चढली, कारण न मोडलेले ग्लुकॅगॉन टिकून राहिले. एकच झाडूवाला दोन घरांचा कचरा काढत असेल तर त्याला सुटी दिल्यावर कचरा दोन्ही घरांत साचणार.

शिवाय मोडणे म्हणजे दोष नव्हे. जेवण संपल्यावर दोन तासांनी इन्सुलिन उतरलेच नाही तर माणूस चक्कर येऊन पडेल. चार-सहा मिनिटांचे अर्धायुष्य आहे म्हणून तर बीटा पेशीला हात आखडता घेता येतो.

प्रश्न : उपवासात साठवलेले इन्सुलिन तसेच पडून राहते का? आणि चुकीचे बनलेले प्रथिन पेशी कशी ओळखते? (एमबीबीएसचा विद्यार्थी, लातूर)

पडून राहत नाही. पुटिकांचे आयुष्य काही दिवसांचे असते. गंमत म्हणजे दुकानदार जुना माल आधी खपवतो, बीटा पेशी नवा माल आधी विकते. जुन्या पुटिका मागे सरत जातात आणि शेवटी लयकारिकेत, म्हणजे लायसोसोममध्ये विलीन होऊन पचवल्या जातात. या प्रक्रियेला क्रायनोफॅजी म्हणतात. ती प्रथम नीट दिसली १९६६ साली, इन्सुलिनमध्ये नव्हे तर दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनमध्ये. स्मिथ आणि फारक्वार यांनी व्यायलेल्या उंदरिणीपासून पिल्ले दूर केली. दुधाची गरज संपली आणि पियुषिका ग्रंथीच्या पेशींनी साठवलेल्या प्रोलॅक्टिनच्या पुटिका लयकारिकेत ढकलल्या. उंदरांच्या बीटा पेशींत अन्न तुटल्यावर ताज्या पुटिकासुद्धा अशाच मोडल्या जातात असे २०१५ साली दिसले. उपाशी असताना चुकूनही इन्सुलिन सुटू नये, यासाठीची ती तजवीज.

चुकीच्या घडीची तपासणी याच्या कितीतरी आधी, जालिकेतच होते. घडी न बसलेल्या प्रोइन्सुलिनला जालिकेबाहेर ओढून त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते. ती चिठ्ठी पाहून प्रोटिएसोम त्याचे तुकडे करते. या चिठ्ठीच्या शोधासाठी चिकानोव्हर, हर्ष्को आणि रोझ यांना २००४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चिठ्ठी लावण्याचा वेग कमी पडला तर काय होते ते जपानमधल्या 'अकिता' उंदरात दिसते. तिथे ए साखळीतले सातवे सिस्टीन बदलून टायरोसिन झाले आहे. एक दुवा जुळतच नाही. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असूनही मधुमेह होतो, कारण बिघडलेले रेणू सुट्या गंधकाच्या हाताने चांगल्यांनाही पकडून ठेवतात. जालिका तुंबते आणि शेवटी पेशी मरते. माणसातही हाच बदल जन्मतःच्या मधुमेहात सापडला आहे.

प्रश्न : मला ग्लिमेपिराइड आणि सिटाग्लिप्टिन अशा दोन गोळ्या आहेत. भावाला आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन. सगळी इन्सुलिनच वाढवतात तर एकच का देत नाहीत? (वाचक, ठाणे)

तिन्ही वेगवेगळ्या जागी बोट ठेवतात.

ग्लिमेपिराइड सल्फोनिलयुरिया गटातले. पहिल्या उत्तरातली पोटॅशियमची वाहिनी आठवा. तिच्यात चार किर ६.२ आणि चार सर-१ असे आठ भाग असतात. गोळी सर-१ला चिकटून वाहिनी थेट बंद करते. साखर किती आहे याची विचारपूस न करता. म्हणून जेवण चुकले तरी इन्सुलिन सुटतच राहते आणि साखर खाली घसरते. हा गट सापडला अपघाताने. १९४२ साली फ्रान्समध्ये माँपेलिए इथे मार्सेल जानबाँ टायफॉइडच्या रुग्णांना एक सल्फा औषध देत होते, तेव्हा साखर धोकादायक उतरल्याचे लक्षात आले. नंतर याच गोळ्यांनी एक सुंदर काम केले. काही तान्ह्या बाळांना जन्मतः मधुमेह असतो, कारण त्यांच्या किर ६.२मध्ये बदल असल्याने वाहिनी बंदच होत नाही. २००४ साली हे कळले आणि यातली बरीच बाळे टोचणी सोडून गोळ्यांवर आली.

सिटाग्लिप्टिन बीटा पेशीला हात लावत नाही. जेवताना आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. ते बीटा पेशीला सांगते: साखर येते आहे, जरा जास्त सोड. पण डीपीपी-४ हे विकर त्याची पहिली दोन अमिनो आम्ले कातरते आणि एक-दोन मिनिटांत ते निकामी होते. सिटाग्लिप्टिन त्या कात्रीला अडवते, त्यामुळे जेवणानंतरचे कार्यक्षम जीएलपी-१ दोन-तीन पट राहते. जीएलपी-१ शटर उघडत नाही. उघडलेल्या शटरमधून माल जास्त जातो एवढेच. म्हणून एकट्या सिटाग्लिप्टिनने साखर सहसा फार उतरत नाही. तुमच्या जोडीत मात्र ग्लिमेपिराइड आहे, आणि जोडीने उतरण्याची शक्यता वाढते. घाम, थरथर, एकाएकी भूक ही लक्षणे घरच्यांनाही ठाऊक असू द्या. सिटाग्लिप्टिन मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग (ईजीएफआर) ४५च्या खाली गेला की १०० मिलिग्रॅमची मात्रा ५०वर आणि ३०च्या खाली २५वर आणतात. वर्षात एकदा क्रिएटिनिन तपासायला सांगतात त्याचे हेही एक कारण.

भावाचे औषध कात्रीला चकवणारे आहे. सेमाग्लुटाइडमध्ये दुसरे अमिनो आम्ल बदलून असे बसवले आहे की डीपीपी-४ला कातरता येत नाही. शिवाय त्याला मेदाम्लाची शेपटी जोडली आहे. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला लटकून राहते आणि अर्धायुष्य एक-दोन मिनिटांवरून सुमारे आठवड्यावर जाते. या कल्पनेचा एक पूर्वज अमेरिकेतल्या गिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतला. त्यातल्या एक्सेंडिन-४मध्ये दुसऱ्या जागी निसर्गानेच ग्लायसिन ठेवले आहे. म्हणजे ही औषधे स्राव वाढवण्याइतकीच मोडणे लांबवण्यावर उभी आहेत. सिटाग्लिप्टिन आणि सेमाग्लुटाइड एकत्र घेऊन मात्र फारसे हाती लागत नाही. कात्रीला न जुमानणाऱ्याच्या रक्षणासाठी कात्री कशाला बांधायची? गोळ्या बदलायच्या असतील तर हे सगळे तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवून, आपल्या आपण नव्हे.

सेमाग्लुटाइडची गोळीही आहे. प्रथिनाची गोळी पोटात पचते हा आक्षेप बरोबर आहे. तिच्यात ३०० मिलिग्रॅम एसनॅक नावाचा पदार्थ असतो. तो गोळीभोवतीची आम्लता तेवढ्यापुरती कमी करतो आणि जठराच्या भिंतीतून औषध आत सरकवतो, तरी शंभरातला एकही भाग धड रक्तात पोचत नाही. म्हणूनच ती उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त १२० मिली म्हणजे अर्ध्या कपाच्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी म्हणजे पैसे मोरीत.

प्रश्न : आयएनएस-१ ८३२/१३ पेशींवर प्रयोग करते आहे. ग्लुकोज वाढवूनही इन्सुलिनचा स्राव दीड पटच वाढतो, आणि मोडण्याचा वेग मोजताना आकडे जुळत नाहीत. (एमएस्सीची विद्यार्थिनी, पुणे)

दोन वेगळे रोग आहेत. पहिला आधी.

या पेशी म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या बीटा पेशी. त्यांचे माध्यम आरपीएमआय, ग्लुकोज सुमारे ११ मिलिमोलर, आणि त्यात ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. हे शेवटचे विसरले तर पेशी दिसायला ठीक, पण प्रतिसाद मेलेला. पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याची खेप) वाढत गेला तरी तेच होते, म्हणून जुन्या पॅसेजच्या कुप्या साठवत बसू नका. चोवीस खाचांच्या प्लेटमध्ये थर पूर्ण भरेपर्यंत वाढवा. विरळ पेशी कमी प्रतिसाद देतात, एकमेकींना चिकटलेल्या असल्या तरच बीटा पेशी नीट बोलतात. मग क्रेब्ज-हेपिस द्रावणात २.८ मिलिमोलर ग्लुकोजवर दीड-दोन तास ठेवा. हा वेळ कापला की मूळ स्राव वर राहतो आणि पटीचा आकडा पडतो. पुढे एक तास, काही खाचांत २.८ आणि काहींत १६.७ मिलिमोलर. द्रावणात २.५ मिलिमोलर कॅल्शियम हवेच. कोणीतरी साध्या पीबीएसने काम भागवले तर स्राव होणारच नाही. ०.१ टक्का बीएसए घाला, नाहीतर इन्सुलिन प्लास्टिकलाच चिकटून बसते. ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडची एक खाच ठेवा. ग्लुकोजला उत्तर नाही पण पोटॅशियमला आहे, तर बिघाड ग्लुकोज जाळण्यात. दोन्हीला नाही, तर कॅल्शियम किंवा पुटिकांत.

बहुतेकदा चोर मात्र इथे सापडतो: एका तासात पेशी आपल्या साठ्याच्या फक्त काही टक्केच सोडते. प्लेटमधल्या शंभरातली एक-दोन पेशी पिपेटच्या धारेने फुटली तरी तिचा सगळा साठा द्रावणात येतो आणि खरा फरक बुडतो. धार भिंतीवर सोडा, द्रावण काढल्यावर ३०० जीवर पाच मिनिटे फिरवून वरचेच घ्या. साठा आम्ल-अल्कोहोलने काढून स्राव त्याच्या टक्क्यांत मांडा. एलायझा या प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीला पेशींचा अर्क हजारपटीच्या आसपास विरळ करावा लागतो. दाट नमुन्यात चाचणी उलट कमी आकडा दाखवते.

आता मोडणे. सायक्लोहेक्झिमाइडने नवे बनणे थांबवून साठा घटताना पाहत असाल तर एवढे लक्षात ठेवा: घट म्हणजे मोडलेले अधिक सोडलेले. द्रावणातले इन्सुलिन मोजून वजा केले नाही तर आकडे जुळणार कसे? सोडणे थांबवायला २०० मायक्रोमोलर डायझॉक्साइड वापरता येते. प्रोटिएसोम अडवायला एमजी-१३२, १० मायक्रोमोलर, चार-सहा तासांपलीकडे नको, पेशी मरू लागतात. लयकारिका अडवायला सगळे बॅफिलोमायसिन उचलतात आणि फसतात. ते लयकारिकेची आम्लता घालवते तशी इन्सुलिनच्या पुटिकेचीही घालवते, मग प्रोइन्सुलिन कापलेच जात नाही आणि तुम्हाला वाटते की मोडणे थांबले. त्याऐवजी ई-६४डी आणि पेप्स्टॅटिन ए ही जोडी घ्या, दोन्ही १० मायक्रोग्रॅम/मिली.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) इन्सुलिन दिसत नसेल तर पडदा ०.२ मायक्रॉनचा घ्या. ५.८ किलोडाल्टनचा रेणू ०.४५मधून आरपार निघून जातो. नमुन्यात मर्कॅप्टोइथेनॉल घातले तर दोन साखळ्या सुट्या होतात आणि काही प्रतिपिंडे ओळखच विसरतात. पुढे मानवी प्रोइन्सुलिनवर किरणोत्सारी खूण लावायची झाली तर मेथिओनिन मागवू नका. त्यात ते नाहीच. सिस्टीन वापरा.

प्रश्न : पेशींचे सगळे संदेश असेच साठवून ठेवलेले असतात का? (वाचक, पणजी)

नाही. टीएनएफ हा दाहाचा संदेश पेशी सहसा साठवत नाही. तो आधी पटलावर खोचून उभा केला जातो आणि अॅडॅम-१७ नावाची कात्री त्याला सोडवते. त्याचा आरएनएही मुद्दाम अल्पायुषी ठेवलेला असतो, कारण सुटून राहिलेला टीएनएफ सांधे खातो. इंटरल्युकिन-१ बीटा या दाहाच्या दुसऱ्या संदेशाला तर पत्ताच नसतो, जालिकेत तो जातच नाही. धोका दिसला की कॅस्पेज-१ त्याला कापते आणि पटलाला गॅस्डर्मिन डी भोके पाडते, त्यातून तो बाहेर. हा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

प्रश्न : उन्हाळ्यात वीज जाते. इन्सुलिन कुठे ठेवावे? बर्फाच्या कप्प्यात चालेल? (वाचक, अकोला)

बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. गोठले की रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि वितळल्यावर परत सुटे होत नाहीत. अशी बाटली दिसायला चांगली असली तरी टाकून द्यावी. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, दाराच्या कप्प्यात, मागच्या थंड भिंतीला टेकवून नको. वापरातली बाटली ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस, झाकणावर तारीख लिहून. वीज नसेल तर जुनी युक्ती चालते: मोठ्या मातीच्या भांड्यात वाळू, त्यात छोटे मडके, वाळू सतत ओली आणि वर ओले फडके. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आत. भांडे वारा लागेल अशा सावलीत ठेवा, बंद कपाटात पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. दुधाळ इन्सुलिन भरण्याआधी तळहातांत दहा-वीस वेळा हळू फिरवा, खळखळ हलवू नका. हलवण्यानेही रेणूंच्या गुठळ्या होतात. आणि सिरिंज पाहून घ्या: बाटलीवर ४० युनिट/मिली लिहिले असेल तर लाल झाकणाची ४०चीच हवी. १००च्या सिरिंजने तेवढ्याच खुणेपर्यंत ओढले तर मात्रा निम्म्याहून कमी जाते.